कॉम्प्युटरची खोळ
इस्त्रीखाली तापलेल्या सुती कापडाचा वास आला की मला रिसोडचं घर आठवतं. सोयाबीनच्या मळणीची धूळ घरात यायची, म्हणून आईनं माझ्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला जुन्या लुगड्याची खोळ शिवली होती; मशीन चालू असतानाही ती तशीच असायची. त्याच दिवसांत मी खेळायचो तो गेम अडखळायला लागला. ग्राफिक्स कार्ड निम्म्यानंही चालत नव्हतं, आणि मी गेम बनवणाऱ्यांना शिव्या देत आठवडाभर कार्डाचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर बदलत बसलो. मग एका दुपारी हाच वास आला. खोळीवर हात ठेवला तर ती चांगलीच तापलेली. आतला प्रोसेसर गरम होऊन मंदावला होता, म्हणून ग्राफिक्स कार्डही अर्धं रिकामं बसत होतं. “मले काय मालूम, त्यालेबी गरम होते म्हणून!” आई खजील होऊन म्हणाली, आणि लगेच कात्री घेऊन तिनं पंख्यांपुरतं कापड कापलं, तिथं मच्छरदाणीची जाळी शिवली. गेम पळायला लागला. आता शहरात माझ्या मशीनचे पंखे उघडेच असतात. धूळ मीच पुसतो.