लाल रेघा गेल्या तो दिवस

"खोटं. खोटं. हेही खोटं."

काम करताना फानताई असं पुटपुटायच्या. शेजारच्या टेबलावर बसून बसून मला ते ऐकू येणंच बंद झालं होतं.

ताइचुंगच्या आमच्या ऑफिसात यंत्रांची माहितीपुस्तकं तयार होतात. मजकुराच्या प्रत्येक तुकड्याला खूण लावायची: हे शीर्षक, ही टीप, हा धोका. छापताना चौकट, रंग सगळं त्या खुणेवरून ठरतं. पण आमच्या कॉम्प्युटरवरच्या एडिटर प्रोग्रामकडची नियमांची फाईल जुनी. 'धोका' ही खूण तिला ठाऊकच नाही, त्यामुळे दिसली की चूक समजून ओढली खाली लाल नागमोडी रेघ. चूक नसायचीच, म्हणून ताईंचं ते 'खोटं'. नवी फाईल गिऱ्हाइकाकडून यायची होती. फानताईंचा मुलगा चिन्फू शाळेत होता तेव्हापासून यायची होती.

आता चिन्फू सैन्यात. त्या दिवशी एका रात्रीची रजा घेऊन येणार होता.

"पाचला मी उठणार," फानताईंनी सकाळीच बजावलं. "पोरगा पहाटे परत छावणीत जाईल. कुणी अडवलं तर टेबलासकट निघेन."

चियानसाहेबांनी त्याच सकाळी कॉम्प्युटरवरचं खाऊचं पाकीट बदललं. हिरवंच, नारळाच्या चवीचं. त्याचं नावच 'शहाण्यासारखं वाग', म्हणून कॉम्प्युटर बिघडू नये यासाठी आमच्याकडे प्रत्येकावर एक ठेवतात. खायचं मात्र नाही.

दुपारी लाल रेघा गायब.

"बघा, जुन्या पाकिटाची मुदत संपली होती," साहेब खुशीत म्हणाले.

"एवढी वर्षं मी डोळे फोडून घेतले, आणि औषध कोपऱ्यावरच्या दुकानात होतं होय?" फानताई म्हणाल्या.

पाचला फानताईंनी पिशवी खांद्याला लावली. उभ्याउभ्याच शेवटची पानं खाली सरकवत होत्या. मग हात थांबला.

"यूपेई, रोलरचा धोका कुठे गेला? मी लाल बघून शोधते."

यूपेई आमच्याकडे नवीन. "तिथेच आहे ताई. सगळ्या धोक्यांच्या मी टिपा केल्या. एडिटर चूक आहे म्हणत होता, ऐकलं त्याचं. आता एक तक्रार नाही."

"तक्रार नाही आणि चौकटही नाही. फिरत्या रोलरमध्ये हात घालू नका, हे आता तेल कुठलं वापरा त्याच्याच अक्षरात छापणार."

साहेबांचा चेहरा उतरला. फाईल आजच छापखान्यात जायची होती. "जुनी प्रत असेल ना?"

"आजच्या दुरुस्त्या नव्या प्रतीत आहेत. एकेक टीप वाचून धोके वेगळे करावे लागतील."

साहेबांनी फानताईंकडे पाहिलं.

"तुम्ही जा ताई, मी करते," यूपेई हळूच म्हणाली.

"करशील गं. पण एखादा सुटला तर कुणाची तरी बोटं जातील, आणि आपल्याला कळायचंही नाही."

त्यांनी पिशवी खाली ठेवली, फोन लावला. "चिन्फू, बाबांबरोबर जेवून घे... नाही रे, रागावले नाही. दमलेय नुसती."

यूपेई वाचत गेली, ताई खुणा लावत गेल्या. लाल रेघा एकेक करून परत आल्या. मध्येच ताईंनी हात लांब करून हिरवं पाकीट खाली ओढलं आणि फाडलं.

"अहो, ते कॉम्प्युटरचं आहे," साहेब घाबरले.

"वागला का तो शहाण्यासारखा? भूक मला लागलीय." त्यांनी पाकीट यूपेईपुढे धरलं, मग माझ्यापुढे.

"उद्या नवीन आणतो," साहेब म्हणाले.

"दोन आणा," फानताई पडद्यावरची नजर न हलवता म्हणाल्या. "हं, यूपेई, पुढचं वाच."