धवलारणीचा फोटो

हळदीच्या घरी मी बसायचं कुठे, हे कुणालाच ठरवता येत नव्हतं. तिथूनच सांगते, कारण माझं फोटोचं वेड तिथून सुरू झालं.

सत्तरनंतरची ती मधली वर्षं. नवरा दुबईला गेला होता. वर्षभर पत्रं आली, मग थांबली. गेला म्हणावं तर तार नाही, टाकलं म्हणावं तर तसंही काही लिहून आलं नाही. मी कुंकू लावत राहिले. पण लग्नघरी पाच सवाष्णी मोजायला लागल्या की बायांची नजर माझ्यावर यायची आणि पुढे सरकायची. विधवा बाया मागच्या पडवीत बसायच्या. तिकडे गेले तर त्या म्हणायच्या, अगं, तू कशाला इथं, तुझं कुंकू आहे ना. मग मी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहायचे. उभ्या बाईला जो तो काम सांगतो, पाणी आण, पाट सरकव. ते बरं वाटायचं. तेवढा वेळ आपण कुणाच्या तरी कामाच्या असतो.

राहायला होते भिवंडीत, निजामपुऱ्याच्या कडेला, एका खोलीत. मागवाल्यांसाठी कांड्या भरायचे, म्हणजे धोट्यात घालायच्या त्या छोट्या नळ्यांवर सूत गुंडाळून द्यायचं. दिवसभर चारी बाजूंनी मागांचा खडखडाट. पहिले काही महिने डोकं उठायचं, पुढे उलटंच झालं. वीज गेली आणि माग थांबले की मला एकटं वाटायचं. त्या शांततेत आपल्याच बांगड्या ऐकू यायच्या.

नवऱ्याने ट्रंकेत एक कॅमेरा ठेवला होता. बोटीवरच्या कुणाकडून जुना घेतलेला, दोन काचांचा, एकावर एक. पोटाशी धरायचा आणि वरून मान खाली घालून त्याच्या वरच्या काचेच्या पाटीत बघायचं. चित्र दिसायचं, पण उलटं. डावीकडची बाई उजवीकडे. तो स्वतः तीनदा फोटो काढून कंटाळला होता. मी एका संध्याकाळी काढून पुसला, आणि त्या पाटीत माझीच खोली मला नवीन दिसली. कंदील, भिंत, वाळत घातलेलं लुगडं. पुस्तक नव्हतं, शिकवणारं कुणी नव्हतं. चाकं फिरवून बघत बघत शिकले.

कॅमेरा घेऊन गेले त्या पहिल्या हळदीची गोष्ट. खारबावला, माझ्या माहेरच्या नात्यात. आमच्याकडे लग्न लागतं भटजीमुळे, पण त्याच्याआधी ते गावं लागतं धवलारणीला. धवले म्हणजे लग्नाची गाणी. देवांना बोलावण्यापासून नवरा-नवरीला हळद लावेपर्यंत प्रत्येक गोष्टीचा धवला असतो आणि तो गाणारी ती धवलारीण. कागदावर काही नाही, सगळं तोंडपाठ. त्या भागातली धवलारीण साठीची असेल, बारीक, काळी, डोळे मिटून गाणारी. तिचाही नवरा कधीच वारला होता, पण गाण्यामुळे तिला मधल्या घरात, तांदळाच्या पिठाने काढलेल्या चौकाच्या अगदी समोर जागा होती. तिला कुणी पडवीत पाठवत नव्हतं. हे मी त्या दिवशी पहिल्यांदा लक्ष देऊन पाहिलं.

दिवेलागणीची वेळ. मधल्या घरात एक चाळीस वॅटचा पिवळा दिवा आणि चौकाजवळ समई, बाकी अंधार. बरोबर फ्लॅशची वाटी होती, तिच्यात काचेचा दिवा बसवायचा, तो एकदाच पेटतो. धवलारीण रंगात आली होती. तिची जाऊ तिच्या मागे बसून प्रत्येक ओळ झेलत होती. मी पुढे झाले आणि दाबलं.

घरभर वीज पडल्यासारखा उजेड झाला. पोरं किंचाळली आणि धवलारणीने डोळे उघडले. झालं. डोळे उघडले तशी ओळ गेली. तिने दोनदा आठवून पाहिलं, जावेकडे पाहिलं. आता तुम्हाला वाटेल, पुढची ओळ घ्यायची. तसं चालत नाही. तुटलेला धवला मधून उचलत नाहीत. पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे सगळ्या देवांना पुन्हा बोलावण्यापासून सुरुवात. वाटीतली हळद सुकायला लागली होती, जेवणं खोळंबली होती. नवरीची मामी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हिच्या नवऱ्याचा पत्ता न्हाय आणि हिला दुसऱ्यांच्या लग्नाचे फोटू पायजेत." आणि वर हेही, की पोरीचं वर्षभरात काही वाकडं झालं तर कुणामुळे, ते ध्यानात ठेवा.

मी दाराकडे वळले. धवलारीण पाणी पीत होती. तांब्या खाली ठेवून म्हणाली, "बसू दे तिला. पन ती वीज घरा ठेवून यं गो बाय."

बसू दे, असं कुणीतरी म्हणालं होतं. मी भिंतीला टेकून खाली बसले, कॅमेरा मांडीवर. कितीतरी लग्नांनंतर मी एका हळदीच्या घरात खाली बसले होते.

त्या पोरीचं काही वाकडं झालं नाही, तेही सांगून टाकते. पण मी वर्षभर तिच्या घरची खबर काढत होते, चोरासारखी.

फ्लॅश बंद म्हटल्यावर आता तेवढ्याशा उजेडात फोटो काढायचा तरी कसा? भिवंडीत फोटो धुऊन देणारे एक चाचा होते, त्यांच्याकडे बिनफ्लॅशचा पहिला रोल घेऊन गेले. बारापैकी बारा काळे किंवा पुसट. त्यांनी निगेटिव्ह दिव्यासमोर धरली आणि म्हणाले, "बाई, गाना फोटो में नहीं आता, आदमी आता है. आदमी को बोलो हिलो मत." मी म्हटलं, गाणाऱ्या बाईला हलू नको कसं सांगू? तर म्हणाले, फिर आप मत हिलो. अर्धं शिक्षण मला तिथे मिळालं. उजेड कमी असला की काचेमागची झडप जास्त वेळ उघडी ठेवायची, निदान अर्धा सेकंद, आणि तेवढ्या वेळात कॅमेऱ्याने श्वाससुद्धा घ्यायचा नाही. मी घरी कंदिलासमोर तांब्या ठेवून सराव करायचे. कॅमेरा हातात धरला तर तांब्याला दोन कडा यायच्या. मग पालथ्या पायलीवर ठेवला आणि तांब्या एकसंध आला. तेव्हापासून लग्नाला जाताना पिशवीत कॅमेरा आणि वर पायली. एसटीत कंडक्टर विचारायचा, तांदूळ मोजायला चाललात का.

मी हलत नव्हते, पण धवलारीण डुलायची. फोटोत चौक स्वच्छ, समई स्वच्छ, मागच्या बाया स्वच्छ आणि तिच्या जागी धुराचा लोट. चार-पाच लग्नं अशी गेली. मग माझ्या लक्षात आलं, की ओळ संपली की ती क्षणभर थांबते. मागून जाऊ ओळ उचलते, तिकडे हिचा कान असतो. पण तो क्षण इतका लहान, की जावेने सूर लावला रे लावला, ही पुढच्या ओळीच्या तयारीला डुलायला लागलीच. तो क्षण आधीच ओळखायचा तर ओळ कुठे संपते ते पाठ हवं. म्हणून मी धवले पाठ केले. कांड्या भरताना, मागांच्या आवाजात, मोठ्याने म्हणायचे. तिथे कुणाला काय ऐकू येणार? हळद दळण्याचे, तेल काढण्याचे, मांडव घालण्याचे. दोन वर्षांत मला सगळे येत होते आणि हे कुणालाच ठाऊक नव्हतं. असं मला वाटत होतं.

धवलारीण मला आता ओळखायची. लग्नघरी आले की तोंडभर हसून विचारायची, आयली का फोटूवाली. तिच्या उजवीकडे भिंतीलगत माझी पायली ठेवायची जागा ठरून गेली होती. बाया तिथे पाय पसरून बसलेल्या असल्या तर तीच हटकायची. मी तिला फोटो दाखवायचे, सगळे पुसट. ती हसायची आणि म्हणायची, मी मेल्यावर दिसंल तशी काढलीस बघ.

मग काल्हेरची ती हळद. तेव्हा काल्हेर म्हणजे भातशेती आणि खाडीचा वारा. पोहोचले तर धवलारीण एकटीच चौकासमोर बसलेली. जावेचा घसा सुजला होता, आवाज फुटत नव्हता. नवरीच्या घरच्या बाया एकमेकींना पुढे ढकलत होत्या, कुणालाच पूर्ण येत नव्हतं. मागून झेलणारी नसली तर धवला खाली पडतो, असं ती म्हणायची. मी पायली ठेवली, कॅमेरा बसवला, मान खाली घातली.

ती माझ्याकडे वळली. "इकरं यं. माझे मागं बस."

मला वाटलं, दुसऱ्या कुणाला म्हणतेय.

"तुलाच बोलतंय," ती म्हणाली. "तुजे ओठ हलतान, मना दिसतान."

डोळे मिटून गाणाऱ्या बाईने माझे ओठ कधी पाहिले, कोण जाणे. सगळ्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या. कुणी नावं ठेवली नाहीत. एक जण तर सरकून मला वाट द्यायला लागली. चौकासमोर, दिव्याजवळ, दोघींच्या मध्ये हातभर अंतर असेल एवढी जागा. इतकी वर्षं मी जी जागा शोधत होते, ती ही अशी समोर मांडलेली होती.

आणि माझ्या मनात काय आलं सांगू? खारबावची मामी आली. मी मध्येच अडखळले, एखादी ओळ सुटली आणि उद्या या नवरीचं काही झालं तर. वर्षभर पुन्हा ते चोरासारखं खबर काढणं. दुसरंही होतं, ते कबूल करायला मला फार वर्षं लागली. कॅमेऱ्यामागे मान खाली असते, तोंड दिसत नाही. तिथे जाऊन बसले तर माझं तोंड सगळ्यांना दिसणार होतं, कुंकवासकट.

मी म्हटलं, "मावशी, मला फोटो काढायचेत."

ती बरं म्हणाली. एवढंच. समोर वळली, डोळे मिटले आणि सुरू केलं. देवांना बोलावलं. मला प्रत्येक शब्द माहीत होता. मी पाटीत बघत होते, बोट खटक्यावर. ओळ संपत आली, मी मनात मोजलं आणि दाबलं.

त्या कॅमेऱ्यात झडप उघडी असतानाही वरच्या पाटीत चित्र दिसत राहतं. म्हणून मी ते पूर्ण पाहिलं. ओळ संपली. तिने डोळे उघडले, तोंड अजून उघडंच, मान थोडी मागे वळलेली, कान माझ्याकडे. मागून ओळ येईल म्हणून ती थांबली होती. डुलली नाही. अजिबात हलली नाही. अर्धा सेकंद संपला, खटका वाजला, तरी ती थांबलेलीच होती. मग तिने स्वतःची ओळ स्वतःच पुन्हा म्हटली. त्यापुढे सगळा धवला तिने तसाच गायला, दोघींचं गाणं एकटीने, आणि शेवटी शेवटी तिचा आवाज चिरकला.

चाचांनी तो फोटो मोठा करून दिला आणि न विचारता दुकानाच्या काचेत महिनाभर लावला. बघा, म्हणायचे, चाळीसच्या दिव्यात, बिना फ्लॅश, गाती हुई औरत. लोक थांबून बघायचे. खरंच चांगला होता. तिच्या कपाळावरची शीरसुद्धा दिसत होती.

मी एक प्रत घेऊन तिच्या घरी गेले. ती अंगणात वाल सोलत बसली होती. हात पुसून तिने फोटो घेतला, लांब धरला, जवळ धरला. मी म्हटलं, मावशी, हा गातानाचा आला, पहिल्यांदाच.

"हितं मी गात न्हाय गो," ती म्हणाली.

ती रागावलेली नव्हती. तिने फोटो फळीवर डब्याला टेकवून ठेवला, माझ्या ओच्यात मूठभर वाल घातले आणि शेवटच्या एसटीची वेळ विचारली.

पुढच्या लग्नापर्यंत जाऊ बरी झाली, आणि तिच्यानंतर एक भाची मागे बसायला लागली, चांगल्या गळ्याची. पायलीची माझी जागा तशीच राहिली. बाया सरकून देत होत्या, चहा आणून देत होत्या. धवलारणीने मला मागे बसायला परत कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी आणखी सहा-सात वर्षं तिचे फोटो काढले. भाची ओळ लगेच उचलायची, तिला थांबावं लागायचं नाही. सगळे पुसट आले.

घरी कांड्या भरताना मात्र मी मागून झेलायची ती ओळ मोठ्याने म्हणायचे. पुढची, तिची ओळ मनात.