दाजी मास्तरांचा आठवीचा वर्ग

नवं पोर शाळेत आलं की दाजी मास्तर नाव विचारायच्या आधी त्याचे हात उलटसुलट करून बघायचे. "हात शिकले काय डोक्या आपसूक शिकता," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मालवणजवळच्या आमच्या खाडीकाठच्या शाळेचे ते हेडमास्तर, आणि मी मॅट्रिक होऊन नुकतीच लागलेली त्यांची एकुलती सहायक. साल पंचावन्नच्या आसपासचं. सरकारने शाळांत हस्तोद्योग आणला होता. आमच्या वाट्याला काथ्या आला. मुलं खाडीत कुजवलेली नारळाची सोडणं कुटायची, सुंभ वळायची आणि तो सुंभ हात पसरून वावांनी मोजत गणितं करायची. मास्तर हरखून जायचे.

गणपतीला मुंबईहून आलेले पालक मात्र ओसरीवरूनच ऐकवायचे, "मास्तरांनू, सुंभ वळूक आमका येता. पोरांका इंग्रजी शिकवा!" इंग्रजी तेव्हा आठवीला सुरू व्हायचं, आणि आठवी मालवणच्या हायस्कुलात. मास्तर घरोघर फिरून विनवायचे, "पोरांका धाडू नकात. उद्योगाची आठवी हयच येतली. मागणीचो कागद वर सरकारात गेलो आसा." लोक माना डोलवत आणि जूनमध्ये पोरांच्या ट्रंका उचलून चालू पडत.

त्यांची मुलगी शकू सातवीला केंद्रात पहिली आली. मालवणात तिची सख्खी मावशी होती. हायस्कुलाचा फॉर्म मीच आणून ठेवला होता. मास्तरांनी तो माझ्या हातात परत दिला. "बाई, माझाच चेडू गेला तर वर्ग मी खंयच्या तोंडान मागू?"

मला भयंकर राग आला, तो अजून गेलेला नाही. पण या माणसात ढोंग नव्हतं, हीच तर पंचाईत. शकू पडवीत बसून सुंभ वळत राहिली. दर जूनला मास्तर वर्गाच्या मंजुरीसाठी पोस्टमनची वाट बघायचे, आणि ती बापाच्या तोंडाकडे बघून काय ते ओळखायची. "मी शिकवते तुला गुपचूप," असं एकदा मी म्हटलं, तर म्हणाली, "नको बाई. बाबांका कळला तर ते मोडतले."

वर्ग आला नाही. मास्तर निवृत्त झाले, सुंभ वळायची चाकं माळ्यावर गेली, आणि मग वरूनच हुकूम आला की इंग्रजी पाचवीपासून. शिकवणार मी.

पहिल्याच आठवड्यात मास्तर शकूला घेऊन वर्गाच्या दारात हजर. ती तेवीस वर्षांची होती.

"बाई, हिका बसवशात?"

दहा-दहा वर्षांची पोरं फिस्सकन हसली. शकू हसली नाही, रडलीही नाही.

"बाबा, आता शिकान माका खंय जावचा आसा?" एवढंच म्हणून ती निघून गेली.

मास्तरांनी चौकट धरली.

"बाई, गावच्या एकाय पोराक मी अडवूक शकलंय नाय," ते म्हणाले. "अडवलंय ती हिका एकटीक."