धाकटीचा हप्ता

धाकट्या जावेच्या घराचा हप्ता माझ्या हप्त्यापेक्षा कमी आहे हे मला कळलं, त्या दिवशी मी संध्याकाळची जेवले नाही. यांना सांगितलं ॲसिडिटी झाली आहे. कसली डोंबलाची ॲसिडिटी, पोटात दुखत होतं ते वेगळ्याच कारणानं.

आम्ही दोघी बदलापूरला एकाच बिल्डिंगमध्ये राहतो. मी दुसऱ्या मजल्यावर, सासूबाई माझ्याकडे. ती चौथ्या मजल्यावर. फ्लॅट एकाच मापाचे, बिल्डर एकच, बँक एकच, दोघा भावांनी कर्ज काढलं तेही एकाच दिवशी आणि सारख्याच रकमेचं. मग तिचा हप्ता कमी कसा? जिन्यात टँकरच्या वर्गणीवरून बोलणं चाललं होतं तेव्हा भाऊजींच्या तोंडून तो आकडा निघून गेला. यांनी घरी येऊन सहज सांगितला आणि वर म्हणाले, असेल काहीतरी. यांना जगात कशाचंच नवल वाटत नाही. कंपनीत मशीन बंद पडलं तरी हे असंच म्हणत असतील.

खोटं कशाला बोलू, धाकटी मला लग्न होऊन आली तेव्हापासूनच खुपते. मी आले तेव्हा अंबरनाथला बुवापाड्यात आमच्या दोन खोल्या होत्या आणि नळ बाहेर. सासूबाईंच्या हाताखाली मी सगळं शिकले. गौरीचा नैवेद्य, पितरांचं पान, कुणाला कसला आहेर. त्या सांगतील ते आणि त्या सांगतील तसं. ती आली तोवर घरात नळ आला होता, फ्रिज आला होता, आणि सासूबाईंचा आवाजही उतरला होता. त्यात तिला माणसं जोडता येतात. भाऊजींचं उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये बटणं, चेन आणि दोऱ्याचं दुकान आहे. ही दुपारची गल्ल्यावर बसते आणि सिंधी शेठ लोकांशी त्यांच्याच हिंदीत असा भाव करते की ते हसत हसत कमी करतात. मी भाव केला की माणसं भांडायला उठतात. तरीही घरातला मान माझा होता. रेशनकार्ड, आधार, गॅस, सोसायटीचे कागद, काहीही निघालं की आई म्हणायच्या, थोरलीला विचारा. तेवढं एक माझं होतं आणि तेच आता जाणार असं मला त्या संध्याकाळी वाटायला लागलं. पैशापेक्षा त्याचीच धास्ती जास्त होती.

दुसऱ्या दिवशी तिची वाटी परत करायच्या निमित्तानं वर गेले. ती भाजी निवडत होती. मी आडून आडून विचारलं, तर तिनं सरळच सांगितलं.

"विमा होता ताई, कर्जात घुसवलेला. मी परत केला."

आता हा विमा काय प्रकार, ते सांगायला मला मागं जावं लागेल. आम्ही कर्ज घेतलं ते बुवापाड्याला असताना, गणपतीत. बँकेचा माणूस घरी यायचा. गोड बोलणारा, आल्याबरोबर गणपतीला नमस्कार करून मोदक मागून घेणारा. सासूबाई त्याच्यावर भारी खूश. कागद तयार झाले तेव्हा अनंत चतुर्दशी दोन दिवसांवर आली होती. त्यानं बरोबर नस पकडली. म्हणाला, आजी, आता गणपती उठतील, मग पितृपक्ष, तुमच्यात चालायचं नाही, सह्या आत्ताच उरकून घेऊ. चालायचं नाहीच. पितृपक्षात आमच्याकडे साधी चप्पलसुद्धा घेत नाहीत, घराच्या कागदावर सही कोण करणार? मग गणपतीसमोर पाट मांडून दोघे भाऊ बसले आणि तो पानं उलटत गेला, हे करत गेले सह्या. मध्येच धाकटीनं विचारलं, हे विम्याचं काय आहे? तर म्हणाला, वहिनी, ते कंपल्सरी आहे, त्याशिवाय लोन पासच होत नाही. मी तर तिला डोळ्यांनी दटावलं. देवासमोर शुभकार्य चाललंय आणि हिची चौकशी.

पितृपक्ष लागला आणि दोन पाकिटं आली. दोन्ही बुवापाड्याच्या पत्त्यावर. सासूबाई म्हणाल्या, नव्या घराचे कागद आहेत, पक्ष संपेपर्यंत कुणी उघडायचे नाहीत. मी माझं पाकीट कपाटावर ठेवलं आणि घटस्थापनेच्या दिवशी हळदकुंकू वाहून उघडलं. आत इंग्रजी पानांचा गठ्ठा होता. वर विमा असं दिसलं. कर्ज आहे तर विमा असणारच, असं म्हणून मी तो फाईलला लावून टाकला.

त्या गठ्ठ्यात काय होतं, ते धाकटीनं मला भाजी निवडता निवडता सांगितलं. यांच्या नावानं विमा काढला होता. त्याचे सगळे पैसे पहिल्याच दिवशी एकरकमी भरले होते आणि ते आमच्याच कर्जात मिळवले होते. म्हणजे न मागितलेल्या विम्यावर आम्ही वीस वर्षं व्याज भरणार. कंपल्सरी वगैरे काही नव्हतं. आणि पाकीट हातात पडल्यापासून पंधरा दिवसांत नको म्हणून कळवलं, तर पैसे परत मिळतात. पंधरा दिवस. आमचा पितृपक्ष बरोबर तेवढाच.

"मग तू कधी उघडलंस?" मी विचारलं.

ती म्हणाली, त्याच दिवशी, दुकानात नेऊन. दुकानात आलेलं प्रत्येक पाकीट, प्रत्येक बिल तिथल्या तिथे उघडून बघायची तिला नि भाऊजींना सवय. माल मोजल्याशिवाय पावतीवर सही करत नाहीत तसंच. वाचलं, शेजारच्या शेठच्या मुलाकडून समजून घेतलं आणि दोन दिवसांत भाऊजींच्या सहीचं पत्र देऊन मोकळी झाली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, मला एका शब्दानं सांगायचं नाही? एकाच घरात राहत होतो आपण, एकाच चुलीवरचं खात होतो.

"तुम्ही आईंना सांगितलं असतं, ताई."

आणि मी सांगितलंच असतं. शंभर टक्के. त्यामुळे मला आणखीच राग आला. वाटी तिथेच आपटली आणि खाली आले.

मग मी ठरवलं, हिच्याशिवाय पैसे मिळवून दाखवायचे. यांना बरोबर घेतलं नाही, यांनी तिथेही असेल काहीतरी असंच म्हटलं असतं. एकटी गेले बँकेत. तो मोदकवाला केव्हाच बदलून गेला होता. साहेबानं कागद पाहिले आणि विचारलं, मॅडम, सही तुमच्या मिस्टरांचीच आहे ना? सही यांचीच होती. मग विमा कंपनीला लिहिलं, तर त्यांचं उत्तर आलं की मुदत संपली. बँक म्हणणार विमा कंपनीला विचारा, विमा कंपनी म्हणणार बँकेला विचारा. बदलापूर ते कल्याण किती खेपा घातल्या मी, आणि प्रत्येक खेपेला लिफ्टमध्ये धाकटी भेटायची. विचारायची, काही झालं का ताई? मी म्हणायची, होतंय. चौथ्या मजल्यापर्यंत ती एकटीच वर जायची आणि मला वाटायचं, वर जाऊन हसत असेल. ती हसत नव्हती, मला ठाऊक आहे. पण तेव्हा तसंच वाटायचं.

शेवटी कुणीतरी विम्याच्या लोकपालाकडे तक्रार करायला सांगितलं. तिथल्या बाईंनी फोनवर नीट समजावलं. मुदत गेली तरी फसवून गळ्यात मारला असेल तर तक्रार टिकते. पण फसवलं हे दाखवायचं कशानं? त्या वेळी समोर असलेलं कुणी लिहून देईल का, की तो माणूस कंपल्सरी म्हणाला होता? त्याच दिवशी त्यानं आणखी कुणाला असाच विमा विकला असेल तर फारच उत्तम.

आणखी कुणाला. माझ्या नशिबात ते कोण असणार?

घरी विचारायला जीभ रेटली नाही. कॅम्प दोनच्या दुकानात गेले. दुपारची वेळ, गिऱ्हाईक होतं, मला तिनं आत स्टुलावर बसवलं, चहा मागवला. बटणांच्या बरण्यांच्या मधोमध मी तिच्यापुढे बसले, ती गल्ल्यावर आणि मी स्टुलावर. सगळं सांगितलं. वाटलं होतं जरा आढेवेढे घेईल, मला जरा ताटकळत ठेवेल. मी तेच केलं असतं. तिनं गिऱ्हाइकाचे सुटे पैसे परत दिले आणि म्हणाली, देते की लिहून. आमचं पत्र आहे, बँकेची पोच आहे, सगळं जोडू. मग जरा आवाज खाली आणून म्हणाली, पण त्यात तारीख येणार. आईंना कळेल.

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. पितृपक्षातली तारीख. सासूबाईंच्या शब्दाबाहेर जाऊन, गुपचूप, दुकानात नेऊन उघडलेलं पाकीट. मी वरवर म्हटलं, बघू काय ते. पण दुकानातून बाहेर पडले तेव्हा रिक्षासाठी उभं राहायचंही भान नव्हतं, चालतच सुटले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला बरं वाटत होतं. एकदा तरी तिला बोलणी बसतील आणि मी समोर असेन.

पैशांचं आधी सांगून टाकते, उगाच ताणत नाही. तक्रार टिकली. विम्याची रक्कम परत आली आणि कर्जातून वजा झाली. माझाही हप्ता उतरला. तरी तिच्यापेक्षा तो अजूनही थोडा जास्तच आहे, कारण मधल्या काळाचं व्याज गेलं ते गेलंच. ते मी दर महिन्याला बघते.

पण ती संध्याकाळ राहिली सांगायची.

तिनं पत्र लिहून खाली आणून दिलं. मी ते तसंच पाकिटात घालून पाठवू शकले असते. पण मी सासूबाईंना हाक मारली. म्हटलं, आई, जरा बसा, तुमच्याही कानावर असलेलं बरं. त्या कोचावर बसल्या. धाकटी दाराजवळ उभीच होती, तिला मी मुद्दाम बस म्हटलं. आणि मोठ्यानं वाचायला लागले. गणपतीतल्या सह्या, तो माणूस, कंपल्सरी. सासूबाई मान डोलवत होत्या. मग ते वाक्य आलं, की पाकीट मिळाल्या दिवशीच मी ते उघडून वाचलं. तिथे मी थांबले.

"पितृपक्षातच ना गं?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं समजलं, मी का थांबले तेही. हो म्हणाली.

मी सासूबाईंकडे वळले. मी वाट बघत होते. बुवापाड्यात मी एकदा एकादशीला चुकून चहात बिस्किट बुडवलं होतं, तर दोन दिवस माझ्याशी बोलल्या नव्हत्या. आज हिचं काय होतं ते बघू.

"तेव्हा उघडलंस म्हणून तुझे पैसे वाचले?" त्यांनी तिला विचारलं.

ती म्हणाली, हो आई.

"मग बरं केलंस."

एवढंच. माझ्या हातात कागद तसाच. मला राहवलं नाही. म्हटलं, आई, तुम्हीच म्हणाला होतात की कुणी उघडायचं नाही. माझा आवाज चढला होता, मलाच ऐकू येत होता. त्या माझ्याकडे वळल्या. रागानं नाही, नुसत्या वैतागून, लहान पोर तेच तेच विचारतं तेव्हा वैतागावं तशा.

"मी काय, हजार गोष्टी म्हणते. तुला कुणी बांधून घातलं होतं?"

लग्नाला बारा वर्षं. बारा वर्षं मला वाटत होतं की बांधून घातलंय, आणि त्याबद्दलच त्यांना माझं कौतुक आहे. तोंडात मारल्यासारखी उभी राहिले. आता तरी ही हसेल म्हणून मी धाकटीकडे पाहिलं. हसली असती तर फार बरं झालं असतं. मी तिला तिथल्या तिथे सोलून काढलं असतं.

ती उठून माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. सासूबाईंना म्हणाली, असं नका बोलू आई, ताईंनी तुमचा शब्द राखला, म्हणून त्यांचे पैसे अडकले. आणि माझ्या हातातून हळूच तो कागद काढून घेऊन पाकिटात घातला.

सासूबाईंनी ऐकून घेतलं. तिचं ऐकून घेतलं. त्या घरात माझी बाजू घेणारं कुणीतरी मला फार दिवस हवं होतं, आणि ते तीच निघावी, हे मला आजतागायत पचलेलं नाही.