ऑलिव्हच्या बरणीतली ठिकरी

पालिओक्लिसी गावात प्रामाणिक माणसांचा सुकाळ होता. चोर एकच, सारांदिस, आणि तो सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे बाकी कुणाची चौकशी करायची वेळ कधी आली नाही. एवढी मोठी सोय गावाची दुसऱ्या कुणी केली नसेल. चाळीस वर्षं हा माणूस मांथोसच्या कॉफीच्या दुकानात दाराजवळच्या खुर्चीवर बसला, आणि चाळीस वर्षं त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली. पोरं त्याला ‘परातचोर’ म्हणायची. ज्यांच्या जन्माआधी ती चोरी झाली, तीही म्हणायची.

आणि गावातल्या सगळ्यात प्रामाणिक माणसाची मुलगी म्हणजे आपली लिगेरी. तिचा बाप फोतिस हा गावावरच्या टेकडीवर, देमेतर देवीच्या जुन्या ठाण्यावर, छत्तीस वर्षं खोदकामाचा मुकादम होता. गावचं संग्रहालय दोन खोल्यांचं. पहिल्या खोलीला काही नाव नाही, दुसरीवर संगमरवरी पाटी आहे: ‘मुकादम फोतिस दालन’. पाटीच्या अनावरणाला बिशप आले होते, त्यांना माशी चावली, आणि तेवढाच भाग गावाच्या अजून लक्षात आहे.

लिगेरी एकोणिसाव्या वर्षी कामाला लागली आणि आता त्रेसष्टची झाली. काम काय, तर ठिकऱ्या धुवायच्या. दात घासायच्या ब्रशने, एकेक. मग जाळीवर वाळवायच्या, शाईने बारीक आकडे घालायचे आणि ज्याची त्याला जोडायची. पुराणकाळातल्या बायकांना दुसरा उद्योग नव्हता की काय देव जाणे. नवस बोलायचा की बोळकं वाहायचं, नवस फेडायचा की आणखी एक बोळकं वाहायचं. हजारोंनी वाहून ठेवलीत, आणि ती घासायला ही बसलीय. जगभरचे विद्वान येतात, तिने जोडलेली भांडी बघतात, जाडजूड पुस्तकं लिहितात आणि सुरुवातीला ‘स्थानिक मजुरांचे आभार’ मानतात. स्थानिक मजूर म्हणजे लिगेरी.

बापाने तिला एकच गोष्ट डोक्यात ठोकून ठोकून शिकवली होती, ती म्हणजे चिठ्ठी. प्रत्येक ठिकरीबरोबर चिठ्ठी हवी: कुठला खड्डा, कुठला थर, कुठली तारीख, कुणाला सापडली. “चिठ्ठी नसलेली ठिकरी म्हणजे रस्त्यावरचा दगड,” फोतिस म्हणायचा. “आणि शोधणाऱ्याचं नाव विसरलीस तर हात तोडीन.” हात त्याने कुणाचा तोडला नाही, पण पाणउतारा चारचौघांत करायचा.

आता ती चोरी. १९८४च्या सप्टेंबरात एक मोठी मातीची परात सापडली, देवीपुढे जाण्याआधी हात धुवायची. तिचे एकतीस तुकडे निघाले. काठावर, माती ओली असतानाच कोरलेली ओळ: ‘देमेतरला ही वाहिली’. कुणी वाहिली, ते नेमकं बत्तिसाव्या तुकड्यावर. तो तुकडा सारांदिसला सापडला, जेवणाची सुट्टी व्हायच्या पाच मिनिटं आधी. चिखलाने लडबडलेला, पण अक्षरं आहेत एवढं दिसत होतं. तेव्हाचे प्रोफेसर टाळ्या पिटत म्हणाले, “शाबास! जेवून येतो, मग धुऊन वाचू.” विद्वान माणूस, पण पोटापुढे त्याचंही काही चाललं नाही. जेवून येऊन बघतात तर तुकडा गायब.

सारांदिस म्हणाला, “उन्हात कशाला ठेवू? मुकादमाच्या टोपलीत ठेवला.”

फोतिसने ठिकऱ्यांची टोपली सगळ्यांसमोर उपडी केली. तुकडा नव्हता. मग काय, सगळं खापर सारांदिसच्या डोक्यावर फुटलं. पोलिसांनी त्याचं घर उलथंपालथं केलं, कोंबड्यांचं खुराडंसुद्धा खणून काढलं, आणि अख्खा गाव भिंतीवर बसून भोपळ्याच्या बिया सोलत बघत होता. काही मिळालं नाही. गाव म्हणाला, बघा, किती पक्का चोर आहे! कामावरून तो गेलाच, त्याच्या मुलीचं ठरलेलं लग्नही मोडलं. सारांदिसने पुढे शेळ्या राखल्या. कुणीही विचारलं तरी त्याचं उत्तर ठरलेलं असायचं, टोपलीत ठेवला. मग लोकांनी विचारायचं सोडून दिलं.

लिगेरीची आई दियामांतो मात्र मोठ्या मनाची. ईस्टरआधीच्या मोठ्या उपासात ती दर वर्षी सारांदिसला घरच्या ऑलिव्हचा एक वाडगा पाठवायची. “चोर असला तरी शेजारी आहे,” म्हणायची. वाडगा न्यायची लिगेरी. उंबऱ्यावर ठेवायचा, दार वाजवायचं आणि दार उघडायच्या आत वळायचं. दुसऱ्या दिवशी वाडगा धुतलेला, पालथा, त्याच उंबऱ्यावर. चाळीस वर्षांत चकार शब्द नाही. ह्या दानधर्माचं गावात फार कौतुक झालं, आणि लिगेरीलाही, खोटं कशाला बोला, ते बरं वाटायचं.

गेल्या हिवाळ्यात दियामांतो एक्क्याण्णवाव्या वर्षी गेली. मेलेल्याच्या नावाने चाळिसाव्या दिवशी वाटायचे उकडलेले गहू वाटून झाल्यावर लिगेरीने आईचं स्वयंपाकघर आवरायला घेतलं. कोपऱ्यात ऑलिव्हची मोठी बरणी. आईच्या हयातीत त्या बरणीला हात लावायची कुणाची छाती नव्हती. मुलीचीसुद्धा नाही, आणि पुरुषांनी तर स्वयंपाकघरात पाऊल टाकायचंच नसतं त्या गावात. ऑलिव्ह मिठाच्या पाण्यात बुडून राहावीत म्हणून वर काहीतरी जड ठेवतात, कुणी दगड, कुणी लाकडाचा तुकडा. लिगेरीने कोपरापर्यंत हात घातला आणि तळहाताएवढं सपाट, जड काहीतरी बाहेर काढलं.

डोळ्यांआधी बोटांना कळलं. परातीच्या काठातली ती पोकळी तिने स्वतः दोनदा प्लास्टरने भरली होती. ती अंधारातसुद्धा ओळखू आली असती. खालच्या कडेला टवका, उजवीकडे तिरपी तुटलेली कड, आणि वर काळपट पडलेली अक्षरं.

“अगं आई गं!” तिच्या तोंडून निघालं.

सगळं एका दमात लक्षात आलं. खोदकामावरच्या टोपल्या आणि घरातल्या टोपल्या गावातला एकच म्हातारा विणायचा. आई दुपारी बापाचं जेवण तसल्याच टोपलीतून न्यायची आणि रिकामी टोपली फडक्यासकट घरी आणायची. मुकादमाच्या टोपलीत ठेवला. होय रे बाबा, ठेवलास! आईला वाचता येत नव्हतं. खोदकाम सुरू व्हायच्या आधीपासून गावातल्या बायका शेतातली खापरं उचलून बरण्यांवर ठेवायच्या. छान सपाट तुकडा दिसला, घासला, ठेवला. बरं, ठेवला तर ठेवला. पण पुढे चाळीस वर्षं ‘तुकडा, तुकडा’ म्हणून गावभर बोंब चालली होती, तेव्हा आईला एकदाही बरणीची आठवण झाली नाही? का झाली, आणि म्हणूनच वाडगा जात होता? लिगेरीला हा विचार अजिबात आवडला नाही. पण तो काही जाईना.

तिने तुकडा गोड्या पाण्याच्या बादलीत टाकला. खारलेलं भांडं तसंच वाळवलं तर मीठ पृष्ठभाग फोडून बाहेर येतं, अक्षरांची साल निघते. रोज पाणी बदलायचं, खार निघेपर्यंत. तीन आठवडे तिने पाणी बदललं. एवढ्या दिवसांत तोंड उघडायला हरकत नव्हती. पण ती म्हणे खार निघायची वाट बघत होती.

मग एका सकाळी तुकडा फडक्यात गुंडाळून ती मिर्सिनीबाईंच्या टेबलावर ठेवून आली. मिर्सिनीबाई म्हणजे अथेन्सहून आलेल्या खोदकामाच्या आताच्या प्रमुख. त्यांनी फडकं उघडलं आणि तुकडा खिडकीपाशी उजेडात धरला.

“लिगेरी! कुठे मिळाला हा?”

“घरी. ऑलिव्हच्या बरणीत.”

मिर्सिनीबाईंनी उठून दार लावलं. “हे तू मला सांगितलेलं नाहीस.”

“आत्ताच सांगितलं की बाई.”

“नाही सांगितलंस. नीट ऐक. घरात प्राचीन वस्तू ठेवणं हा गुन्हा आहे. तुझ्या वडलांच्या नावाची पाटी भिंतीवर आहे. तुला निवृत्त व्हायला दोन महिने राहिलेत. उगाच शोभा कशाला? गोदामात चिठ्ठी नसलेल्या पिशव्यांचा ढीग पडलाय. त्यातल्या एकीत सापडला म्हणू. सारांदिसवरचा डागही आपोआप पुसला जाईल. कुणाचंच वाईट नाही.”

खरंच की, कुणाचंच वाईट नाही. किती शिकलेली बाई! लिगेरीने मान डोलावली. त्या रात्री तिला छान झोप लागली, हेही सांगितलं पाहिजे.

तुकडा परातीत चपखल बसला. नाव निघालं मेलिन्ना. ना बापाचं नाव, ना नवऱ्याचं, ना कसला हुद्दा. चाळीस वर्षं एक विद्वान इथे राजा बसवत होता, दुसरा सेनापती, तिसरा राजघराण्यातली पुजारीण. पहिले दोघे सुटले बिचारे, मरून गेले. तिसऱ्याने कळवलं की आपल्याला पहिल्यापासूनच असा संशय होता.

गावाने मात्र बातमी आपल्या पद्धतीने पचवली. रविवारी चर्च सुटल्यावर लिगेरी मांथोसच्या दुकानात शिरली, तेव्हा खुद्द मांथोसच किटली हलवत सांगत होता, “गोदामात सापडला म्हणे! अरे, गोदामाची खिडकी वर्षभर फुटकी आहे. म्हाताऱ्याने टाकला असणार आत. वयाची चौऱ्याऐंशी झाली, आता वर जाऊन काय तोंड दाखवणार?”

“मनाची टोचणी हो,” कुणीतरी म्हणालं.

“शेवटी परत तरी केला. माणूस अगदीच वाईट नव्हता.”

गावाला एकदम उदारपणाची उबळ आली. पाद्रीबाबा दाराजवळच्या खुर्चीपाशी गेले आणि सारांदिसच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “देव क्षमा करतो, बाबा.”

“कशाबद्दल?” सारांदिसने विचारलं.

“ते त्याला माहीत आहे.”

“आज कॉफी माझ्याकडून, काका,” मांथोस मोठ्याने म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. सारांदिसने पेल्याकडे बघितलं आणि तो बाजूला सारला.

लिगेरीला लाज वाटली. काहीही न घेता ती बाहेर पडली आणि सरळ संग्रहालयात गेली. परातीपुढची चिठ्ठी काढली, चार तुकडे केले आणि नवी लिहायला बसली. रविवार असूनही मिर्सिनीबाई कामावर होत्या. त्या धावत आल्या, चिठ्ठी वाचून म्हणाल्या, “वेडी झालीस का? हे वडलांच्या दालनात लावणार?”

“वडलांनीच शिकवलंय बाई, चिठ्ठीत शोधणाऱ्याचं नाव विसरायचं नाही. पाटी उतरवायची असेल तर खुशाल उतरवा, स्क्रू मी काढून देते. आणि पोलीस आले तर माझ्या घराचा पत्ता द्या. कोंबड्या नाहीत आमच्याकडे, खुराडं खणायचा त्रास वाचेल त्यांचा.”

चिठ्ठीची दुसरी प्रत घेऊन ती दुकानात परतली. मंडळी अजून बसलेलीच होती, जेवायची वेळ झाली तरी रविवारी तिथून कोण हलतंय! ती दाराजवळच्या खुर्चीसमोर उभी राहिली आणि आवाज चढवून वाचू लागली.

“खड्डा सहावा, थर तिसरा. सापडला बारा सप्टेंबर एकोणीसशे चौऱ्याऐंशी. शोधणारा, सारांदिस गोत्सिस. त्याने मुकादमाच्या टोपलीत ठेवला. टोपली जेवणाची होती. मुक्काम, मुकादम फोतिस यांचं घर, ऑलिव्हची बरणी, चाळीस वर्षं. काढणारी, लिगेरी, फोतिसची मुलगी.”

पाद्रीबाबांना छताकडे बघण्यासारखं काहीतरी सापडलं.

“पुन्हा वाच,” सारांदिस म्हणाला.

तिने पुन्हा वाचलं. ‘शोधणारा’पाशी तिने आवाज आणखी चढवला.

सारांदिसने खिशातून नाणी काढली, मोजली आणि टेबलावर ठेवली. “मांथोस, कॉफीचे पैसे घे.” मग तिच्या हातातली चिठ्ठी घेऊन तो बघू लागला. लिगेरीने मनात माफीची चारपाच वाक्यं जुळवून आणली होती. पण तिने तोंड उघडण्याआधीच त्याने मान वर केली.

“तुझ्या आईची ऑलिव्हं फार खारट असायची,” तो म्हणाला. “घशाखाली उतरायची नाहीत. दर वर्षी एकेक करून संपवायचो.”

“मग परत का नाही पाठवलीत, काका?”

“परत पाठवली असती, तर चोर असून मिजास बघा, असं म्हणाला असतात तुम्ही.”

ती स्वतःही असंच म्हणाली असती, अगदी ह्याच शब्दांत. लिगेरीने त्याच्या शेजारची रिकामी खुर्ची ओढली आणि बसली.