एका माणसाचा तंबू

ऑस्ट्रेलियातल्या क्वॉर्न गावात नेरिडा हॅस्लॅमला ओळखत नाही असा माणूस सापडणं कठीण. गावातली निम्मी तरुण मंडळी ती चालवायची त्या शाळेच्या बसमधून लहानाची मोठी झालेली. बस धुळीत रुतली की ही बाई मुलांना खाली उतरवून गाणी म्हणायला लावायची आणि स्वतः फावडं घेऊन चाकाशी भिडायची. निवृत्त झाल्यावर घरी बसून राहणं तिला जमेना, म्हणून तिनं सायकल काढली. सोबत पहिल्यांदा ओढून नेलं ते ग्वेंडाला.

ग्वेंडा तिची शेजारीण. नवरा अचानक गेला आणि तिनं घराचे पडदे ओढून घेतले. नेरिडा रोज जाऊन दार वाजवायची. "उघडतेस की इथंच बसून जेवू?" म्हणायची, आणि खरंच पायरीवर बसून जेवायची. पन्नाशी उलटलेल्या ग्वेंडाला तिनं फुटबॉलच्या मैदानावर सायकल शिकवली. सीट धरून मागे धावली. पुढे त्या दोघींचे आठ जण झाले. दर हिवाळ्यात कुठंतरी लांबवर जायचं, तंबू ठोकायचे, हवाबंद डब्यातला घेवडा गरम करून खायचा. नेरिडा आणि ग्वेंडाचा तंबू एकच. कापड एकीच्या सायकलवर, दांड्या दुसरीच्या.

त्या वर्षी उत्तरेच्या वाळवंटातली ऊडनाडाटाची वाट धरली होती. जुन्या रेल्वेच्या कडेनं जाणारा कच्चा, पन्हळी पत्र्यासारखा रस्ता. दोन्ही बाजूंना लाल खडे, आणि माश्या तर डोळ्यांत शिरणाऱ्या. नेरिडाचं कंबरेचं हाड दोन वर्षांपासून कुरकुरत होतं. संध्याकाळी बाकीच्यांचा चहा उकळून व्हायचा तेव्हा ती मुक्कामाला पोचायची.

त्या दिवशी मात्र ग्वेंडा सकाळपासून तिच्या बाजूनंच चालवत होती.

"तुझ्या पाण्याच्या पिशव्या दे इकडे."

"अगं, मी काय म्हातारी झाले का?"

"झालीसच की. दे गुपचूप."

नेरिडा हसली. दुपारी एका पडक्या स्टेशनाच्या सावलीत दोघींनी चीज-पाव खाल्ला. ग्वेंडानं आपल्या वाटणीची बिस्किटंही तिच्या हातात कोंबली. फार वर्षांत इतकं सुखाचं वाटलं नव्हतं नेरिडाला. पुढच्या वर्षी समुद्राच्या कडेनं जाऊ, तिकडे चढ कमी, असं ती बोलत राहिली. ग्वेंडा "बघू, बघू" म्हणत राहिली.

ऊन कलताना रोडहाऊस, वाटेवरचं पेट्रोल-जेवणाचं ठिकाण, दिसलं. बाहेर एक पांढरी गाडी उभी होती, आणि गाडीला टेकून नेरिडाचा मुलगा हेडन.

नेरिडा सायकल तशीच टाकून धावली. "कोण गेलं? हेडन, कोण गेलं रे?"

"कोणी नाही गेलं, आई. सगळे ठीक आहेत." त्यानं नजर चुकवली. "तुला न्यायला आलोय."

गाडीच्या मागच्या हौद्यात जुनी गादी अंथरलेली होती. सायकलीला ओरखडे पडू नयेत म्हणून.

रसेल पुढे आला. हा गटातला सर्वांत नवा. हल्ली मुक्काम तोच ठरवायचा. "नेरिडा, पुढच्या टप्प्यात पाण्याचा थेंब नाही. तुझ्यासाठी थांबत बसलो तर सगळेच अडकू. आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय."

"सगळ्यांनी म्हणजे?"

ग्वेंडा हातमोज्याचं एकेक बोट ओढून सरळ करत होती.

"ग्वेंडा, तूसुद्धा?"

"तुझ्या भल्यासाठीच गं. हेडनला मीच फोन केला."

"बरं." नेरिडाचा आवाज कोरडा झाला. "मग तंबूचं काय? दांड्या तुझ्याकडे आहेत."

"तू घेऊन जा सगळा. माझी सोय आहे." बोलून गेल्यावर ग्वेंडाच्या लक्षात आलं, पण उशीर झाला होता. नेरिडा ग्वेंडाच्या सायकलपाशी गेली आणि तिनं पिशवी उघडली. तळाशी, स्वयंपाकाच्या भांड्यांखाली, एका माणसाचा तंबू होता. कोरा करकरीत, दुकानाची चिठ्ठीही तशीच.

या वाटेवर असं दुकान नाही. म्हणजे हा क्वॉर्नहून आलेला. म्हणजे निघतानाच ठरलेलं होतं, आणि तरीही रोज रात्री ही बाई तिच्या शेजारी झोपून "उद्या वारा कमी असेल" म्हणत होती.

"घरीच सांगायचं होतंस," नेरिडा म्हणाली.

"तू आली नसतीस मग. आणि तुझ्याशिवाय निघायचं तर... माझी छाती झाली नाही."

"इथवर मी हवी होते तर. पुढे नको."

ग्वेंडा रडायला लागली. एरवी नेरिडानं तिला जवळ घेतलं असतं. आज ती वळली आणि हेडनला म्हणाली, "जेवलास का? लांबून आलायस."

सकाळी मंडळी निघायच्या तयारीत असताना ग्वेंडा चहाचा कप घेऊन आली. "काहीतरी बोल ना, नेरिडा. हवं तर शिव्या दे."

"माझं कंबरडं गेलंय, ते मलाही ठाऊक आहे. पुढे मी अडखळलेच असते. तुम्ही चुकलात असं मी म्हणतच नाही." तिनं कप घेतला नाही. "मला विचारलं असतंस तर मीच पुढे नको म्हटलं असतं."

ते सात जण उत्तरेला गेले. हेडननं सायकल उचलायला हात घातला तेव्हा नेरिडानं त्याचा हात बाजूला केला.

"तू पुढे हो. त्या पडक्या स्टेशनापाशी थांब आणि चहा कर. मी येते."

"आई, दुखेल तुला."

"दुखू दे. आठ दिवस या वाटेनं आले, तशीच चालवत परत जाईन. गादीवर निजून नाही."

हेडननं दोन दिवस रजा वाढवून घेतली. आईच्या पुढे-मागे गाडी हाकत, जागोजागी थांबत, त्यानं तिला कच्ची वाट संपते त्या मारी गावापर्यंत नेलं. तिथं तिला पायच उचलेना, तेव्हा ती मुकाट्यानं गाडीत बसली.

आता क्वॉर्नमध्ये दोघी पोस्टात भेटतात. ग्वेंडा पावसाचं विचारते, नेरिडा टाकी किती भरली ते सांगते. ग्वेंडा दोनदा नेरिडाच्या पायरीवर येऊन बसली होती. नेरिडानं दार उघडलं, तिच्यापुरता चहा दिला, आणि ती गेल्यावर कपबशी धुऊन जागेवर ठेवून दिली.