ठमी का हलली नाही

दातांच्या कारखान्यात थोरली एकवीस वर्षं कवळ्या करते. कारखाना म्हणजे दोन खोल्या, तीन टेबलं, मेण वितळवायचं एक भांडं आणि भिंतीवरच्या फळ्यांवर ओळीने मांडलेले लोकांचे प्लास्टरचे जबडे. तिच्या हातची कवळी तोंडात बसली की बसली. "जरा टोचतंय हो" म्हणत परत येणारा माणूस वर्षाकाठी एखादाच, आणि तोही स्वभावानेच कुरकुऱ्या. केसाएवढा फरक तिच्या बोटाला कळतो. घरात तिला सगळे थोरली म्हणतात, कारण ती थोरली जाऊ. धाकटी म्हणजे तिच्या दिराची बायको. दोघींच्या घरांमध्ये बसने वीस मिनिटांचं अंतर, आणि संबंध जावाजावांत असतात तसे: तोंडावर गोड, पाठीमागे मोजमाप.

अशा या बाईचा जीव एका जनावरात अडकला होता, आणि ते जनावर कॉम्प्युटरच्या खेळातलं होतं. ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्यावं.

खेळ आणला दिराने. एका बेटावर उघडंवाघडं जाऊन पडायचं, दगड-लाकडं गोळा करून खोपटं बांधायचं आणि कोट्यवधी वर्षांपूर्वी नाहीशी झालेली अजस्र जनावरं तिथे मोकाट फिरत असतात, त्यांच्यापासून जीव वाचवायचा. त्यातली बरीचशी माणसाळवता येतात. दिराने घरच्या चौघांची एक टोळी केली; टोळीतल्या एकाचं जनावर बाकीच्यांचीही आज्ञा पाळतं. दोघे भाऊ पंधरा दिवसांत गळाले. जनावर माणसाळवायचं म्हणजे त्याला गुंगीचे बाण मारून निजवायचं, आणि मग तासन्‌तास उशाशी बसून त्याला घास भरवायचा. बाण मारायला दोघे भाऊ पुढे असत, उशाशी बसायची वेळ आली की दोघांनाही कामं आठवत. शेवटी बेटावर उरल्या दोघी जावा.

ठमी, म्हणजे थोरलीचं ते जनावर, अंड्यातून आली. थोरलीला ते अंडं टेकडीवर सापडलं. ते उबवायला चारी बाजूंनी शेकोट्या पेटत्या ठेवाव्या लागतात. ऊब कमी झाली तरी पिल्लू मरतं, जास्त झाली तरी मरतं. कारखाना गल्लीच्या टोकालाच, म्हणून थोरली दुपारच्या सुट्टीत घरी धावत यायची आणि एका हाताने जेवून दुसऱ्या हाताने शेकोटीत लाकडं टाकायची. पिल्लू बाहेर आल्यावर तर विचारू नका. कधी त्याला फळं हवीत, कधी फिरायला न्या, कधी नुसतं जवळ बसा. ज्याने हे सगळं केलं त्याला ते जनावर जन्मभर ओळखतं, असा त्या खेळाचा कायदा आहे. ठमी मोठी झाली ती पाठीवर हाडाची ढाल आणि शेपटीच्या टोकाला गदा घेऊन. चेहरा कायम रुसलेल्या आत्येसारखा. पण थोरलीने शिट्टी वाजवली की कुठेही असली तरी डुलत यायची, आणि 'थांब' म्हटलं की दगडासारखी थांबायची.

एका सोमवारी थोरलीने दुपारी खेळ उघडला तर ठमीचा गोठा रिकामा. तेवढ्यात धाकटीचा फोन.

"वहिनी, तुम्ही काल गोठ्याचं फाटक उघडंच ठेवलंत हो! ठमी बाहेर गेली आणि त्या मोठ्या दातवाल्याने तिला फाडलं. मी धावले, पण उशीर झाला होता. त्याला मात्र मी सोडला नाही. निजवला, माणसाळवला. सरदार नाव ठेवलंय."

"मी लावलं होतं गं फाटक."

"वहिनी, उघडं होतं. मी डोळ्यांनी पाहिलं ना."

थोरलीला फाटक लावल्याचं लख्ख आठवत होतं. पण समोरची म्हणतेय डोळ्यांनी पाहिलं. घरात ती गोष्ट चेष्टेची झाली. नवरा कामावर निघताना विचारायचा, "फाटक लावलंस ना?" दीर फोनवर तेच. माणसं एखादी चेष्टा मिळाली की ती चोथा होईपर्यंत चघळतात.

थोरली हसायची, पण मनातून ती घाबरली होती. कारण तिची आई याच वयात विसरायला लागली होती. आधी गॅस विसरली, मग चाव्या, मग रस्ता, आणि शेवटी थोरलीलाच. 'कोण गं तू?' हे आईच्या तोंडून ऐकलेली बाई ती. तिने गॅसचं बटण तीनतीनदा बघायला सुरुवात केली. गल्लीच्या टोकापासून कुलूप ओढून बघायला परत यायची. कारखान्यात जबड्यावरचं नाव दोनदा वाचायची, चिठ्ठीशी ताडायची आणि तिसऱ्यांदा शेजारच्या टेबलवालीकडून वाचून घ्यायची. एकवीस वर्षांत प्रथमच तिला स्वतःच्या बोटांचा भरवसा वाटेना. चार महिने असे काढले. नवऱ्याला एक अक्षर सांगितलं नाही, कारण त्याने चेष्टा केली असती तर ती त्या दिवशी कोसळलीच असती.

शेवटी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती एकटीच स्मरणशक्तीच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी घड्याळ काढायला लावलं, पाच शब्द सांगून दहा मिनिटांनी विचारले, शंभरातून सात-सात वजा करायला लावले.

"बाई, तुमचं डोकं माझ्यापेक्षा चांगलं चालतंय," डॉक्टर म्हणाले. "शंका कशावरून आली?"

"एक फाटक उघडं राहिलं."

"कुठलं फाटक?"

ती पर्स उचलून घरी आली आणि तडक कॉम्प्युटरसमोर बसली. तो खेळ टोळीची नोंदवही आपली आपणच लिहीत असतो: कोण आलं, कुणी काय उघडलं, कुणी कुठल्या जनावराला काय आज्ञा केली. अक्षर बारीक, म्हणून दोघींपैकी कुणी त्या वाटेला कधी गेली नव्हती. थोरलीने कवळीचं काम करताना लावते ते भिंग लावलं आणि चार महिने मागे गेली. तो रविवार सापडला.

फाटक बंद केलं: थोरली. दोन तासांनी, फाटक उघडलं: धाकटी. ठमीला आज्ञा, मागे ये: धाकटी. ठमीला आज्ञा, थांब: धाकटी. ठमी मारली गेली. सरदार माणसाळला: धाकटी.

मोठा दातवाला सुखासुखी बाण खात नाही. त्याला एका जागी खिळवावं लागतं, आणि तो खिळतो तो फक्त खाताना. धाकटीने ठमीला आमिष म्हणून नेलं होतं, माळावर उभं केलं होतं आणि थांब म्हणून सांगितलं होतं. ठमी गदा फिरवू शकली असती, पळू शकली असती. ती थांबली, कारण थोरलीनेच तिला ते शिकवलं होतं.

पहिल्यांदा थोरलीला झाला तो आनंद. 'मी विसरले नव्हते,' असं ती रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाली. मग तळपायाची आग मस्तकात गेली. क्षमा वगैरे गोष्टी सुविचारांच्या फळ्यावर शोभतात. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. थोरलीने ठरवलं की धाकटीच्या तोंडून हे वदवून घ्यायचं, आणि फुकट वदवून घ्यायचं नाही.

तिने ते पान कारखान्यातल्या यंत्रावर छापून घेतलं आणि पुढच्या रविवारी दिराकडे सगळे जेवायला बसले असताना पर्समधून काढून वाचलं. एकेक ओळ, सावकाश, खटल्यात पुरावा वाचतात तशी.

शेवटची ओळ वाचून झाली. मग दीर हसत सुटला. "अहो वहिनी, कोर्टात जाताय की काय?"

"शोकसभा ठेवू या," थोरलीचा नवरा म्हणाला. "दोन मिनिटं उभे राहा रे सगळे!" आणि दोघे भाऊ ठसका लागेपर्यंत हसले. पाणी प्यायले आणि पुन्हा हसले.

धाकटी हसली नाही. हातातला चमचा तिने ताटात ठेवला आणि मान वर केली नाही. त्या घरात ठमी काय होती हे थोरलीखेरीज एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तिनेच तिला मारलं होतं. कागदाची घडी घालताना थोरलीला भावांच्या हसण्याचं काहीच वाटलं नाही. तिचं लक्ष त्या खाली गेलेल्या मानेकडे होतं, आणि तिला ती मान बघून गार वाटत होतं. खोटं कशाला बोला?

चार दिवसांनी, सकाळी अकराला, धाकटी बगलेत लॅपटॉप घेऊन दारात उभी. थोरलीची त्या दिवशी सुट्टी होती, हे तिने विचारून घेतलं असणार.

"वहिनी, चुकलं माझं. पण सगळ्यांसमोर वाचायची काय गरज होती? एका खेळातल्या जनावरासाठी?"

"जनावरासाठी कोण रडतंय? बस खाली."

आणि थोरलीने तिला सगळं सांगितलं. गॅसचं बटण, गल्लीच्या टोकावरून मागे फिरणं, आईचं 'कोण गं तू', डॉक्टरांनी काढायला लावलेलं घड्याळ. आवाज न चढवता सांगितलं. धाकटीचा चेहरा उतरत उतरत पांढराफटक पडला.

"मला नव्हतं हो माहीत," ती म्हणाली. "शप्पथ. मी आपलं वेळ मारून नेली. ठमी तुमच्याच मागे फिरायची. आज्ञा केली तर ऐकायची, पण आपणहून एक जनावर माझ्याकडे वळून बघायचं नाही. मला वाटलं, आपलंही एक असावं, सगळ्यांत मोठं."

"आहे ना आता. लाव तो लॅपटॉप."

"कशाला?"

"सरदारला माळावर घेऊन चल."

धाकटीला कळलं. तिने एकदा थोरलीकडे बघितलं, पण त्या चेहऱ्यावर दयामाया शोधायला गेलेला माणूस रिकाम्या हातानेच परत आला असता. जेवणाच्या टेबलावर दोन पडदे शेजारी शेजारी लागले. फाटक उघडलं. सरदार धाकटीच्या मागे निघाला, दोन मजली उंच, जबडा मिटलेला, मालकिणीच्या पावलावर पाऊल टाकत. त्याचा काय दोष? काही नाही. ठमीचाही नव्हता.

माळावर रानटी शिकारी जनावरांचा कळप होता, माणसाएवढ्या उंचीची, वीसेक असतील.

"सांग त्याला," थोरली म्हणाली.

"वहिनी, तुम्हीच सांगा ना. तुमचंही ऐकतो तो."

"माझं ऐकतो, माहीत आहे. तू सांग."

धाकटीने 'थांब'चं बटण दाबलं. सरदार थांबला. कळप आला तेव्हा त्याने मान वळवून धाकटीच्या दिशेने पाहिलं, आणि उभाच राहिला. 'चल' म्हणायला दोघींपैकी कुणाचंही एक बोट पुरलं असतं. धाकटीचं बोट बटणापर्यंत गेलं. थोरलीने तिचं मनगट धरलं. कवळ्या घडवणारा हात तो, त्याची पकड सुटत नाही. एवढ्या मोठ्या जनावराला पडायला बराच वेळ लागला. धाकटी लहान मुलीसारखी मुसमुसून रडली.

"बरं वाटलं?" तिने शेवटी नाक पुसत विचारलं.

"हो," थोरली म्हणाली. तिला खरंच बरं वाटलं होतं.

"मग झाली ना फिट्टंफाट?"

"जनावराची जनावराशी झाली. माझे चार महिने राहिलेत. म्हण आता, फाटक बंद होतं."

"फाटक बंद होतं, वहिनी."

"परत म्हण."

"फाटक बंद होतं."

"परत."

धाकटीने ते किती वेळा म्हटलं कुणास ठाऊक. शेवटी शेवटी तिचा आवाज बसला. थोरली डोळे मिटून ऐकत होती आणि तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग ती उठली, डोळे पदराला पुसले, स्वयंपाकघरात गेली, गॅस पेटवला आणि चहा टाकला. एकच कप.